त्रिनिदादमध्ये फुटबॉल एवढा चालतो, मग तिथली क्लब लीग सारखी बंद का पडते?

प्रश्न असा आलाय: "जेमतेम 14 लाख वस्तीच्या त्रिनिदादने 2006 चा वर्ल्ड कप खेळला, तिथले प्लेअर गोव्यात येऊन चर्चिल ब्रदर्सकडून गोलांचा पाऊस पाडून गेले, मग त्यांची स्वतःची लीग दर काही वर्षांनी बंद का पडते? क्लब फुटबॉल तिथं वाढला म्हणायचं की नाही?"

मी पाच वर्षं तिथं काढलीत, 2013 ते 2018. बायकोला पॉइंट लिसासच्या एका प्लांटमध्ये नोकरी लागली आणि मी तिच्या मागं गेलो. कोल्हापुरात पोरांना कोचिंग केलेलं होतं, घरी बसून करायचं काय, म्हणून बेटाच्या मधल्या भागातल्या एका छोट्या क्लबात 15 वर्षांखालच्या पोरांना शिकवायला लागलो. वरच्या लीगमधला वगैरे क्लब नव्हता. पहिलं वर्ष फुकट, मग थोडा पगार, तोही तीन-तीन महिने थकायचा. आणि फायली नीट लावतो एवढ्या एका गुणामुळं रजिस्ट्रेशनची सगळी कामं माझ्या गळ्यात पडली. त्या फायलींमधूनच मला तिथला फुटबॉल खरा समजला, मैदानावर तेवढा नाही.

सरळ सांगायचं तर खेळ वाढला, प्लेअर वाढले, क्लब नाही वाढला. कारण तिथला क्लब कायम कुणाचा तरी असतो. गोऱ्या साहेबाचा, लष्कराचा, तेल कंपनीचा, नाहीतर एखाद्या शेठचा. गल्लीचा नसतो. आपल्या कोल्हापूरवाल्याला हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडं पाटाकडील म्हणजे ती पेठ, खंडोबा म्हणजे ती तालीम, स्पॉन्सर पळाला तरी वर्गणी काढून टीम शाहू स्टेडियमवर उतरणारच. तिथं स्पॉन्सर पळाला की क्लबच पळतो.

हे आजचं नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यावर क्वीन्स पार्क सव्हाना म्हणून अडीचशे एकरांच्या वरचं मैदान आहे, ब्रिटिश काळात सगळा खेळ तिथंच चालायचा, 1908 मध्ये असोसिएशन निघाली, आणि क्लब बनले ते कातडीच्या रंगावर. त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी क्रिकेटच्या बाबतीत हे फार स्पष्ट लिहून ठेवलंय: क्वीन्स पार्क गोऱ्यांचा, शॅमरॉक कॅथलिक मंडळींचा, मेपल उजळ रंगाच्या मध्यमवर्गाचा, शॅनन काळ्या खालच्या मध्यमवर्गाचा आणि कॉन्स्टॅब्युलरी म्हणजे काळे पोलीस. जेम्स स्वतः रंगाने काळे असून मेपलमध्ये गेले आणि त्याची बोच त्यांना पुढे राहिली. मेपल, शॅमरॉक ही नावं फुटबॉलमध्येही होतीच. म्हणजे क्लब हे मुळातच ठराविक लोकांना आत घ्यायचं आणि बाकीच्यांना बाहेर ठेवायचं साधन होतं. बाहेर राहिलेल्यांनी रस्त्यावर खेळायला सुरुवात केली आणि ते आजतागायत चालू आहे. दोन दगड नाहीतर दोन चपला, गोलकीपर नाही, पाच-पाच जण, ह्याला ते 'स्मॉल गोल' म्हणतात, आणि संध्याकाळी असं खेळायला जाणं म्हणजे 'स्वेट' घ्यायला जाणं. घाम घ्यायला जातो म्हणतात, खेळायला नाही. मला हा शब्द फार आवडायचा. छोट्या जागेत बॉल पायाला चिकटवून ठेवायची त्यांची कला सगळी ह्या स्वेटमधली, कुठल्या अ‍ॅकॅडमीतली नाही.

स्वातंत्र्य मिळालं 1962 ला. जुने रंगाचे क्लब हळूहळू विरले आणि त्यांच्या जागी आली सरकारी खाती. डिफेन्स फोर्स 1974 मध्ये सुरू झाला, लष्कराची टीम, आणि चारच वर्षांत 1978 मध्ये उत्तर आणि मध्य अमेरिकेची जी क्लब स्पर्धा असते कॉन्काकॅफची, त्यात विजेता ठरला. तेव्हा अंतिम फेरी झालीच नाही, तीन विभागांच्या तीन विजेत्यांनी किताब वाटून घेतला, त्यामुळं मेक्सिकोवाले नाक मुरडतात. पण 1985 मध्ये त्यांनी होंडुरासच्या ओलिम्पियाला हरवून तो पूर्णच्या पूर्ण जिंकला, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. एवढ्याशा बेटाची सैनिकांची टीम!

लष्कराची टीम टिकते का, तर पगार फुटबॉलमधून येत नाही म्हणून. माझ्या ओळखीचा एक राइट बॅक होता, नाव नाही घेत, चाग्वारामासच्या तळावर ड्युटी करायचा. पहाटे साडेचारला उठून हजेरी, दुपारपर्यंत स्टोअरमध्ये काम, चारला प्रॅक्टिस. एकदा त्याला एका प्रोफेशनल क्लबकडून त्याच्या पगाराच्या जवळपास दीडपट ऑफर आली. मी म्हटलं घे की. त्यानं बुटाची लेस बांधता बांधता वरसुद्धा न बघता एकच शब्द टाकला, "पेन्शन." संपला विषय. आणि तो बरोबर होता, कारण ऑफर देणारा तो क्लब दोन हंगामांत गुंडाळला गेला. आज वरच्या लीगमध्ये डिफेन्स फोर्स आहे, पोलीस आहेत, तुरुंग खात्याचीसुद्धा टीम आहे. आपल्याकडं जुन्या काळी मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र अशा टीम होत्या तसंच काहीसं, फक्त आपल्या मिल बंद पडल्या, त्यांचं लष्कर थोडंच बंद पडणार.

तेलाचं मात्र तसं नाही झालं. दक्षिण त्रिनिदाद म्हणजे तेलपट्टा, पॉइंट फोर्टिन, पालो सेको, पॉइंट-अ-पिएर. कंपन्यांनी कामगारांसाठी मैदानं केली, टीम काढल्या, पॉइंट फोर्टिनचं महायका ओव्हल अजून आहे. एका काळी नोकरी पाहिजे तर बॉल चांगला खेळ, असं तिकडं चालायचं. पुढं 2018 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी पेट्रोट्रिनची रिफायनरीच बंद झाली, त्या वर्षी मी परतायच्या तयारीत होतो, आमच्या दोन पोरांचे वडील एकाच आठवड्यात घरी बसले आणि प्रॅक्टिसला येणारी त्यांची गाडीही थांबली.

आता मधला मोठा प्रसंग, 19 नोव्हेंबर 1989. अमेरिकेशी घरच्या मैदानावर फक्त ड्रॉ पाहिजे, 1990 च्या इटली वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं. अख्खा देश लाल कपड्यांत. पॉल कॅलिजुरीनं लांबून मारलेला एक गोल, 0-1, खेळ खल्लास. तिथल्या लोकांना त्यांचा सगळ्यात दुःखाचा दिवस विचारा, पन्नाशीच्या पुढचा माणूस हीच तारीख सांगेल. हरल्यावर प्रेक्षक इतके शांतपणे वागले की फिफाचा त्या वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार त्यांनाच मिळाला (तिकिटं मात्र जागांपेक्षा जास्त विकली गेली होती, ते वेगळं प्रकरण). पण ह्या टीमवर, स्ट्राइक स्क्वाडवर, एवढं प्रेम ओतलं गेलं त्याचा क्लबांना उपयोग शून्य झाला, कारण लोक प्रेम करत होते देशाच्या टीमवर. ड्वाइट यॉर्क टोबॅगोच्या शाळेतलं पोरगं, अ‍ॅस्टन व्हिला दौऱ्यावर आली, त्यांनी बघितला आणि उचलला. त्याच टीममधला रसेल लॅटापी पोर्तुगालला गेला. क्लबमधून वर चढत जायची पायरी मध्ये आलीच नाही.

मग 1999 मध्ये प्रो लीग निघाली, कॅरिबियनमधली पहिली प्रोफेशनल लीग म्हणून तिचं नाव घेतात. सुरुवातीच्या टीमांमध्ये एक नाव वाचून मी हसलोच होतो, 'डॉक्स खेलवालाज'! म्हणजे खेलवाले. तिथं भारतीय वंशाचे लोक तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत, भोजपुरी पट्ट्यातून गिरमिटिया म्हणून गेलेले, तेव्हा भाषा विरली तरी असे शब्द राहिलेत. ही मंडळी जास्त करून क्रिकेटवाली, फुटबॉलवर आफ्रिकी वंशाच्या लोकांची छाप जास्त, पण माझ्या टीममध्ये अर्धे-अर्धे होते आणि भांडणं फक्त पेनल्टी कोण मारणार ह्यावर व्हायची. असो.

पहिली आठ-दहा वर्षं लीग खरंच जोरात होती. डब्ल्यू कनेक्शन ही डेव्हिड जॉन-विल्यम्स ह्या माणसाची टीम, सेंट लुसियाचे स्टुअर्ट चार्ल्स-फेव्हरियर कोच, आजूबाजूच्या बेटांवरून प्लेअर आणायचे, कॅरिबियन क्लब चॅम्पियनशिप तीनदा मारली, 2002, 2006, 2009. केनवाइन जोन्स इथून 2004 मध्ये साउथॅम्प्टनला गेला. दुसरी सान हुआन जाब्लोटेह, मागे सीएल फायनान्शियल ह्या बलाढ्य विमा-बँक समूहाचा पैसा, कोच इंग्लंडचा जुना डिफेंडर टेरी फेनविक, लीग जिंकली 2002, 2003-04, 2007, 2008. तिसरी जो पब्लिक, फिफाचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॅक वॉर्नर ह्यांची, माकोयाला स्वतःचं कृत्रिम गवताचं मैदान. ह्या जो पब्लिकनं 2008 मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड रिव्होल्यूशनला घरी 2-1 आणि त्यांच्या घरात जाऊन 4-0 असं धुतलं. चार शून्य! एमएलएसची, म्हणजे अमेरिकेच्या सगळ्यात वरच्या लीगची टीम होती ती, कुणी पडेल लोक नव्हेत.

आणि 2006 च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये यॉर्क, शाका हिस्लॉप अशी इंग्लंडमध्ये गाजलेली नावं दिसतात, पण ह्या लीगमधले सिड ग्रे, ऑर्टिस व्हिटली, अतिबा चार्ल्स, अँथनी वुल्फ पण त्यात होते. बहरीनमध्ये 16 नोव्हेंबर 2005 ला ज्याच्या डोक्यानं गोल झाला आणि देश वर्ल्ड कपला गेला तो सहा फूट सात इंची डेनिस लॉरेन्स, तोही डिफेन्स फोर्समधूनच रेक्सहॅमला गेलेला. म्हणजे लीगनं काम केलं नाही असं कुणी म्हणू नये.

पण आता बघा काय झालं. जानेवारी 2009 मध्ये सीएल फायनान्शियल कोसळला, सरकारला वाचवायला लागलं, तिथून जाब्लोटेहची घसरण. वॉर्नर ह्यांनी जून 2011 मध्ये फिफाचा राजीनामा दिला, त्यानंतर थोड्याच काळात जो पब्लिक लीगमधून गायब. मग 2012 मध्ये ब्रेंट सँचो ह्या वर्ल्ड कप खेळलेल्या डिफेंडरनं सेंट्रल एफसी काढायला पुढाकार घेतला, लीग लागोपाठ तीनदा आणि कॅरिबियन किताब 2015, 2016 असा दोनदा जिंकला, लेव्ही गार्सिया हा पोरगा इथूनच 2015 ला हॉलंडच्या एझेड आल्कमारला गेला, आणि मग तिथलाही जोर ओसरला. प्रत्येक वेळी टीम हरल्यामुळं नाही, मागचा माणूस किंवा पैसा गेल्यामुळं. तोपर्यंत बहुतेक क्लब सरकारी अनुदानावर आले होते आणि अनुदान उशिरा आलं की हंगाम उशिरा, सरळ हिशोब.

मैदानांचा मुद्दा लोक विसरतात. 2001 मध्ये 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप तिथं झाला, त्यासाठी सरकारनं चार नवी स्टेडियम बांधली: कूवाला अ‍ॅटो बोल्डन, मालाबारला लॅरी गोम्स (हो, तेच ते आपल्याला 83 च्या फायनलमुळं माहीत असलेले, क्रिकेटवाले), माराबेलाला मॅनी रामजॉन आणि टोबॅगोला ड्वाइट यॉर्क. दोन धावपटू, एक क्रिकेटर, आणि फुटबॉलरचं नाव फक्त टोबॅगोत, गंमत आहे. स्टेडियम सुंदर, पण क्लबांची नाहीत, सरकारची. लीगवाले एका संध्याकाळी एकाच ठिकाणी दोन-दोन मॅच लावायचे, लाइटचा खर्च वाचतो म्हणून. मग राजधानीजवळच्या मोर्व्हंटच्या टीमची 'होम' मॅच कूवाला, आणि मोर्व्हंटचं पोरगं दोन मॅक्सी टॅक्सी बदलून रात्री दहाला परत कसं जाणार? नाहीच येत ते.

एक शुक्रवारची रात्र सांगतो. ऑक्टोबर, म्हणजे पावसाळ्याचे दिवस, अ‍ॅटो बोल्डनवर डबल हेडर. पाऊस नुकताच थांबलेला, मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी, बॉल तिथं गेला की थपकन थांबायचा. मी सवयीनं माणसं मोजली, एकाहत्तर, त्यात प्लेअरच्या बायका-गर्लफ्रेंड पकडून. गोलकीपर डिफेन्सला घालत असलेल्या शिव्या स्टँडमध्ये शब्द न शब्द ऐकू येत होत्या. शेंगदाणेवाला होता, ह्या लोकांची नेम धरून पुडी फेकायची स्टाइल असते, त्या रात्री बिचारा फेकायला गिऱ्हाईक शोधत होता, शेवटी माझ्या शेजारी येऊन बसला आणि मॅच बघायला लागला. मैदानावर चाललेला खेळ मात्र चांगला होता, खरंच चांगला. त्यातले तीन जण पुढे नॅशनल टीमला खेळले.

आणि पुढच्याच महिन्यात तिथंच शाळांची इंटरकॉलची मॅच. अहो गाड्या लावायला जागा नाही! ढोल, लोखंडाचे तुकडे वाजवणारे, शाळेच्या रंगाची पावडर, आज्या सुद्धा झेंडे घेऊन, बाहेर डबल्सवाल्यासमोर ही रांग. (डबल्स म्हणजे दोन 'बारा', आपल्या मऊ पुरीसारखे, त्यात पातळ छोले आणि वर कुचेला. कुचेला म्हणजे आंब्याचं किसलेलं लोणचं, आज्जी करायची त्याच्या जवळ जाणारं. तिखट किती टाकू विचारतात तेव्हा कोल्हापुरी मिजास दाखवू नका, मी एकदा दाखवली होती.) शाळांची लीग 1964 पासूनची. सान फर्नांडोमध्ये नापरिमा विरुद्ध प्रेझेंटेशन म्हटलं की घरात दोन तट पडतात, बाप ह्या शाळेचा आणि जावई त्या शाळेचा. म्हणजे क्लबाला लोक का येत नाहीत असं विचाराल, तर लोकांनी आपली टीम आधीच निवडलेली आहे, ती शाळा आहे. आपल्या तालमीच्या जागी तिथं शाळा बसलीये. सतराव्या वर्षी पाच हजार लोकांसमोर खेळलेला पोरगा एकोणिसाव्या वर्षी प्रो लीगमध्ये सत्तर लोकांसमोर खेळतो, त्याला वाटतं आपण खाली घसरलो.

ह्याचा पैशाशी काय संबंध, ते सांगतो, हे माझ्या फायलींमधलं. फिफाचा सॉलिडॅरिटीचा नियम आहे. प्लेअर करार संपायच्या आत पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले 5 टक्के तो 12 ते 23 वयात ज्या ज्या क्लबांत तयार झाला त्यांच्यात वाटायचे. 12 ते 15 ह्या चार वर्षांना प्रत्येकी पाव टक्का, 16 ते 23 ह्या आठ वर्षांना प्रत्येकी अर्धा टक्का. वाटतं किरकोळ, पण पोरगं दहा लाख डॉलरला विकलं गेलं आणि तुमच्याकडं ती पहिली चार वर्षं होतं तर दहा हजार डॉलर, आमच्यासारख्या क्लबाचा वर्षभराचा बॉल, बस आणि मैदानभाड्याचा प्रश्न मिटला. ह्यासाठी प्लेअर पासपोर्ट लागतो, म्हणजे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या क्लबात रजिस्टर होता त्याची यादी.

आता आमच्या एका पोराचा पासपोर्ट बनवायला बसलो, बाहेरच्या क्लबाची विचारणा आली होती. बारा ते चौदा: गल्लीतल्या मायनर लीगची टीम, कागदावर कुठंच नाही. चौदा ते अठरा: शाळा. शाळा म्हणजे क्लब नव्हे, त्यामुळं रकाना रिकामा. मधेच आठ महिने एका प्रोफेशनल क्लबाच्या अंडर-16 मध्ये, तो क्लब बंद झालेला, सेक्रेटरी कॅनडात. आमच्याकडं दोन वर्षं शनिवारी-रविवारी आला खरा, पण माझ्या आधीच्या माणसानं फॉर्म भरून घेतला होता तो पाठवलाच नव्हता, कपाटात सापडला, सही-फोटोसकट. मी तो फॉर्म हातात धरून किती वेळ बसलो होतो काय सांगू. बंद पडलेल्या क्लबाचा वाटा नियमानुसार असोसिएशन मागू शकते, युवा विकासासाठी वापरायचा म्हणून, पण त्यालाही कागद लागतातच. 2022 पासून फिफाचं क्लिअरिंग हाऊस आलंय, वाटप बरंचसं आपोआप होतं, पण जे रजिस्टरच नाही ते आपोआप तरी कुठून येणार. म्हणजे बेट प्लेअर निर्यात करतं आणि त्या निर्यातीचा पैसा मुळापर्यंत परत येत नाही, म्हणून पुढचा क्लब परत एखाद्या शेठच्या दारात उभा.

पुढचं पटकन सांगतो कारण तेव्हा मी तिथं नव्हतो. मार्च 2020 मध्ये कोरोनानं लीग थांबली, त्याच महिन्यात फिफानं असोसिएशनवर स्वतःची कमिटी नेमली, वाद कोर्टात गेला, सप्टेंबर ते नोव्हेंबर देश सस्पेंडसुद्धा होता. तीन वर्षं देशाची लीग नाही. मार्च 2023 मध्ये नवी प्रीमियर लीग सुरू झाली, परत सरकारी पैशाच्या आधारानं. जाब्लोटेह परत आली, लष्कर-पोलीस होतेच, तीनदा कॅरिबियन जिंकलेली कनेक्शन मात्र त्या यादीत नव्हती.

गोव्याचा धागा तेवढा जोडून देतो. वर्ल्ड कपच्या टीममधला तो अँथनी वुल्फ 2014 मध्ये फेडरेशन कप जिंकणाऱ्या चर्चिलमध्ये होता, आणि विलिस प्लाझानं 2018-19 च्या आय-लीगमध्ये चर्चिलकडून 21 गोल मारले. लोक विचारतात एवढे चांगले प्लेअर आपल्याकडं कसे येतात. वेळेवर पगार आणि स्टँडमध्ये माणसं, एवढ्यासाठी माणूस अर्ध्या जगाला वळसा घालून येतो, त्यात आश्चर्य काय.

तो पेन्शनवाला राइट बॅक आता रिटायर झालाय. मागच्या महिन्यात त्याचा व्हॉइस मेसेज आला, घराजवळच्या मैदानावर पंचवीस-तीस पोरं जमवलीत म्हणे, रोज साडेचारला. मी पहिला प्रश्न विचारला, फॉर्म भरून पाठवलेस का? तर म्हणाला सगळ्यांचे पाठवले, झेरॉक्स पण ठेवलीये. मग टीमचं नाव विचारलं, तर थोडं हसला. नाव अजून ठरायचंय, पण किट आलंय, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं दिलंय, त्यामुळं नाव बहुतेक त्याच्याच दुकानाचं पडेल.